‘कोसला’तील वसतिगृह आणि मेस : न जुळलेल्या हिशेबाचा विचार

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. लेखकाचे वय तेव्हा २५ वर्षांचे होते आणि कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही आपले वय तेवढेच सांगतो. या कादंबरीवर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे स्वातंत्र्योत्तर काळातील फार थोड्या कादंबऱ्यांवर लिहिले गेले असेल. परात्मता, अस्तित्ववादी जाणीव, निवेदनाची बोलभाषेला जवळ जाणारी रीत, पुढे स्वतः नेमाडे यांनीच मांडलेला देशीवाद अशा अनेक अंगांनी तिची चर्चा झाली आहे. या सर्व चर्चेत पांडुरंग हा प्रामुख्याने एकाकी, जगापासून तुटलेला तरुण म्हणून येतो. तसा तो आहेच. परंतु हा एकाकी तरुण कादंबरीच्या बऱ्याच मोठ्या भागात कमालीचा सार्वजनिक आहे, ही गोष्ट मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी ज्या म्हणून सोयी उभ्या केल्या, त्यांपैकी बहुतेकांच्या कारभारात तो शिरलेला आहे. वक्तृत्व मंडळाचा तो सेक्रेटरी होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, स्नेहसंमेलनातील नाटक बसवतो, मेसच्या व्यवहारात पडतो. या सोयींचा त्याने केलेला वापर आणि त्या वापरातून त्याच्या वाट्याला आलेले नुकसान यांच्याकडे बारकाईने पाहिल्यास ‘कोसला’तील दुःखाचा उगम काहीसा वेगळ्या ठिकाणी सापडतो, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

वसतिगृह : सोय आणि संस्था

महाराष्ट्रात वसतिगृह ही केवळ राहण्याची सोय कधीच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढील काळात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने तेथे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या उद्घाटनाला हजर राहून आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला म्हणून भाऊराव पाटील यांना ते राहत असलेल्या जैन बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितला आहे. खोली आणि ताट यांच्या व्यवस्थेत समाजाची केवढी रचना दडलेली असते, हे त्या एका प्रसंगात दिसते. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांनी स्वतः राबावे, एका पंक्तीत जेवावे हा तेथील शिरस्ता होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते.

ही परंपरा येथे सांगण्याचे कारण असे की, या सर्व प्रयत्नांत एक प्रश्न सतत समोर होता. तूट कोणी भरायची? साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिले, ही हकीकत रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासाचा भाग झाली आहे. मुलाच्या ताटात पडलेल्या भाकरीमागे कोणाचे तरी काही तरी विकले गेलेले असते, हे त्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलालाही ठाऊक असे.

शहरातील जुन्या महाविद्यालयांच्या वसतिगृहाची जात निराळी. तेथे विद्यार्थी खोलीचे भाडे भरतो, मेसची अनामत ठेवतो आणि घरून येणाऱ्या मनीऑर्डरीची वाट पाहतो. स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या कल्याणाचा आणि वर्गाबाहेरील उपक्रमांचा स्वतंत्र विचार केला. वसतिगृह, खेळ, मंडळे यांतून नागरिक घडतो, ही त्या काळाची श्रद्धा होती. मंडळाला सेक्रेटरी हवा, वसतिगृहाला प्रीफेक्ट हवा, मेसला विद्यार्थ्यांतूनच निवडलेला कारभारी हवा, कारण उद्याची लोकशाही त्यांनीच चालवायची आहे, असे हे तर्कशास्त्र. पांडुरंग पुण्याला येतो तो नेमक्या याच व्यवस्थेत. स्वतः नेमाडे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. तथापि कादंबरीतील वसतिगृहाला त्या किंवा दुसऱ्या एखाद्या वास्तूशी चिकटवण्याची गरज नाही.

सेक्रेटरी पांडुरंग

खानदेशातील खेड्यातून आलेला, घरी वडिलांच्या धाकाखाली वाढलेला हा मुलगा पुण्यात आल्यावर पहिल्या काळात अत्यंत उत्साही असतो. मिळालेल्या संधीचे सोने करावे, व्यक्तिमत्त्व वगैरे घडवावे, अशी त्याची धारणा असते. आयोगाला अभिप्रेत असलेला विद्यार्थी शोधायला निघाल्यास या टप्प्यावरील पांडुरंगाइतका चोख नमुना मिळणे कठीण. जे जे उपलब्ध आहे ते ते तो वापरतो आणि इतरांनाही वापरता यावे म्हणून खपतो.

नेमके येथेच त्याचे बिनसते. मंडळाच्या कामात वेळ जातो, नाटकात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, आणि मेसच्या प्रकरणात तर तो मित्राच्या भल्यासाठी पडून स्वतःच बुडतो. ज्यांच्यासाठी केले ते आपापल्या वाटेने जातात, परीक्षेत गुण कमी पडतात, वडिलांशी असलेले नाते आणखी बिघडते. चांगुलपणाचा आणि सांस्कृतिक उपक्रमांचा काही उपयोग नाही, या निष्कर्षाला तो येतो आणि पुढचा काळ बेफिकिरीने घालवायचे ठरवतो. सामान्यतः समीक्षक या टप्प्यावरून चटकन पुढे सरकतात, कारण त्यांना मनीच्या मृत्यूकडे आणि त्यानंतरच्या गडद भागाकडे पोहोचायचे असते. पण जगाविषयीचा पांडुरंगाचा पहिला अविश्वास तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून आलेला नाही. तो मेसच्या वहीतून आलेला आहे.

मेसची वही हा प्रकार ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले त्यांना परिचित असेल. महिन्याचा एकूण खर्च जेवणाऱ्यांच्या संख्येवर वाटायचा, ज्याने आधी सांगून खाडे घेतले त्याचे तेवढे वजा करायचे, पाहुण्याचे ताट वेगळे लावायचे, रविवारच्या फीस्टचा जादा खर्च सर्वांवर चढवायचा. कागदावर ही रचना निर्दोष आहे. प्रत्यक्षात खाडा न सांगता गावी गेलेला, पाहुणा जेवून गेला तरी नोंद न करणारा, महिनाअखेरीस ‘पुढच्या मनीऑर्डरीला देतो’ म्हणणारा असे अनेकजण असतात आणि वाण्याची उधारी मात्र ठरल्या तारखेला दाराशी येते. मधली फट भरून काढण्याचे काम ज्याच्या नावावर कारभार आहे त्याच्यावर येते. तो कठोर असेल तर लोकांच्या शिव्या खातो, मऊ असेल तर पदरचे घालतो. पांडुरंग मऊ आहे. सार्वजनिक हिशेबाला तो मैत्रीचा व्यवहार समजतो.

आणि तरीही त्याला निव्वळ फसवला गेलेला सज्जन मानणे चुकीचे ठरेल. अनेकांनी तसे मानले आहे. पदरचे घालण्यासाठी पदर असावा लागतो. पांडुरंगाचा पदर म्हणजे वडिलांची शेती आणि गावातील त्यांचे वजन. ज्या वडिलांच्या व्यवहारीपणाचा त्याला तिटकारा आहे, त्याच व्यवहारीपणातून साठलेला पैसा तो पुण्यात उदारपणे वाटतो. वडिलांच्या लेखी रुपयाला बैलाचे, बियाण्याचे, पावसाचे नाव असते. वसतिगृहात पोहोचेपर्यंत ही सगळी नावे पुसली गेलेली असतात. एकीकडे तो मेसच्या सार्वजनिक पैशाशी खासगी नात्याने वागतो, तर दुसरीकडे घरच्या खासगी पैशाशी सार्वजनिक निधीप्रमाणे. या दुहेरी घोटाळ्यात दोष एकट्या ‘समाजा’चा नाही. महत्त्वाचे म्हणजे हे कादंबरीला कळलेले आहे. निवेदन मागे वळून केलेले आहे. सेक्रेटरी असलेल्या पांडुरंगाच्या उत्साहाकडे २५ वर्षांचा पांडुरंग ज्या कोरड्या थट्टेने पाहतो, ती थट्टा इतरांइतकीच स्वतःवरही आहे.

येथे जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीची आठवण होणे साहजिक आहे, कारण दोन्हींची तुलना मराठीत वारंवार झाली आहे. ही तुलना बहुधा निवेदकाच्या स्वरापुरती थांबते. परंतु सॅलिंजरचा होल्डन कॉलफील्ड हाही कादंबरीच्या आरंभी तलवारबाजीच्या शालेय संघाचा व्यवस्थापक असतो आणि संघाचे सगळे साहित्य तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विसरतो, हा तपशील फारसा कोणी लक्षात घेत नाही. दोन्ही नायकांचे विद्यार्थिजगाशी वाकडे येण्यापूर्वी त्यांच्या हातून सार्वजनिक जबाबदारीचे काही तरी हरवलेले आहे. फरक एवढाच की, होल्डनवर परतीच्या प्रवासात संघाने बहिष्कार टाकला तरी तो ते अंगावरून झटकून टाकू शकतो. पांडुरंगाला पैशाचे उत्तर वडिलांना द्यायचे असते. श्रीमंत निवासी शाळेतील बेफिकिरी आणि शेतकऱ्याच्या मुलाची बेफिकिरी यांचा पोत म्हणूनच सारखा नाही.

‘वगैरे’ आणि किरकोळ खर्च

‘कोसला’च्या भाषेविषयी बोलताना ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांचा उल्लेख टाळता येत नाही. त्यांची विडंबनेही पुष्कळ झाली. या शब्दांनी निवेदकाची उदासीनता, अर्थाविषयीचा अविश्वास व्यक्त होतो, असे सर्वसाधारण मत आहे आणि ते खोटे नाही. पण हे शब्द मुळात कोठले? ‘उदाहरणार्थ’ हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील शब्द आहे. मुद्दा मांडून झाला की विद्यार्थी तो लिहितो. ‘वगैरे’ हा अहवालातला शब्द आहे. स्नेहसंमेलनात गायन, वादन, एकांकिका वगैरे कार्यक्रम झाले, असे सेक्रेटरी लिहितो. हिशेबाच्या वहीत त्याचे भावंड ‘किरकोळ’ या नावाने राहते. जे खर्च झाले आहे पण ज्याचे नाव सांगता येत नाही किंवा सांगायचे नाही, ते सारे किरकोळमध्ये जाते. पांडुरंगाने महाविद्यालयाकडून पदवी मिळवली नाही, मात्र तेथील संस्थांची भाषा उचलली आणि ती स्वतःच्या आयुष्यावर लावली. आयुष्य म्हणजे जणू सादर करायचा अहवाल, आणि अहवालात जे बसत नाही ते वगैरे. या अर्थाने ही शैली वर्गाबाहेरील विद्यार्थिजीवनाचीच देणगी ठरते. ती केवळ खानदेशी बोलीच्या सहजतेतून आली असे म्हणणाऱ्या मांडणीला त्यामुळे थोडी मुरड घालावी लागते.

बंद खोली

मोहभंगानंतरचा पांडुरंग सोयी वापरत नाही. मंडळे सुटतात, वर्ग सुटतात, उरतात ती खोली, भटकंती आणि मोजके मित्र. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. शीर्षकाचा हा अर्थ वसतिगृहाच्या रचनेतही दिसतो. सभागृह, भोजनगृह आणि खोली या तीन जागांपैकी पहिल्या दोन गळून पडतात आणि तिसरीत तो स्वतःला विणून घेतो.

या भागाबाबत कादंबरीला एक प्रश्न विचारणे गैर ठरणार नाही. वक्तृत्व मंडळातील पोकळ भाषणबाजी आणि ग्रंथालयातील पुस्तक यांत पांडुरंग पुढे फारसा भेद करत नाही. एका व्यवस्थेत नुकसान झाले म्हणून सगळ्याच व्यवस्था त्याच्या लेखी सारख्या निरर्थक होतात. तरुण मनाची ही रीत खरी आहे. परंतु तिच्या बाहेर उभे राहून पाहण्यासाठी लागणारे अंतर, जे सेक्रेटरीपदाच्या भागात थट्टेमुळे सहज मिळाले होते, ते येथे कमी होते. नायकाचा कंटाळा हा कादंबरीचाही निवाडा आहे की काय, असा संभ्रम निर्माण होतो. ‘कोसला’चे पुढील काळात जे सवंग अनुकरण झाले ते याच भागाचे झाले, हा योगायोग नसावा. महाविद्यालयीन कंटाळ्याच्या कादंबऱ्या बऱ्याच आल्या, मेसच्या हिशेबाची मात्र दुसरी आली नाही.

ज्यांना वाया घालवणे परवडत नव्हते

‘कोसला’नंतर दीड दशकाने मराठीत दलित स्वकथने येऊ लागली आणि वसतिगृह हे स्थळ साहित्यात पूर्णपणे वेगळ्या अर्थाने अवतरले. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये संगमनेरचे बोर्डिंग येते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये शिक्षणासाठी झालेली परवड आणि सततची भूक येते. या मुलांच्या दृष्टीने डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे ताट ही व्यक्तिमत्त्व विकासाची सोय नव्हती. ती नसती तर शिक्षणच नव्हते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली मुले त्याच्या परिसरात राहिली, शिकली आणि लिहू लागली. दलित साहित्याच्या जडणघडणीत त्या परिसराचा वाटा सर्वमान्य आहे.

ही पुस्तके शेजारी ठेवली की पांडुरंगाचे नुकसान लहान होत नाही, पण त्याला एक माप मिळते. त्याला वर्षे वाया घालवता येतात. नापास होऊन परत जाण्यासाठी त्याला घर आहे, घरी शेत आहे. बोर्डिंगातून काढलेल्या मुलासाठी परतीची वाट ज्या गावात जाते ते गाव त्याला पाण्याच्या जागी उभे करत नाही. सोय नाकारण्याचे स्वातंत्र्य हे ती सोय सहज मिळालेल्याचे स्वातंत्र्य असते. ‘कोसला’ला अखिल मराठी तरुणाईची प्रातिनिधिक कादंबरी म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती प्रथा या एका मुद्द्यावर तपासून घ्यायला हवी.

कादंबरीच्या आतही असे एक माप आहे आणि ते अधिक बोचरे आहे. पांडुरंगाची लहान बहीण मनी देवीच्या आजाराने मरते. मराठी कादंबरीतील मृत्यूच्या चित्रणांत या प्रसंगाची गणना वरच्या श्रेणीत होते, ती योग्यच आहे. त्यातील शोक, घरातील माणसांवरचा संताप, जन्मपरंपरेविषयीचे ते विलक्षण चिंतन यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. पण एक साधी गोष्ट राहून जाते. एकाच घरातील दोन मुलांपैकी एकाच्या नावाने पुण्याला दरमहा पैसे जात होते आणि दुसरी त्या घराच्या बाहेर कधी पडलीच नाही. पुण्याच्या भागातील सभागृह, मेस, खोली हे सारे जग पुरुषांचे आहे. मुली दिसतात त्या दुरून. त्या वसतिगृहात मनीसाठी कधी काळी जागा असती का, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. मात्र मेसच्या तुटीनंतर मनीचा मृत्यू वाचताना तो वाचकाच्या मनात उभा राहतो, हे या रचनेचे सामर्थ्य मानावे लागेल.

यावर असा आक्षेप संभवतो की, कादंबरी म्हणजे वसतिगृहाची तपासणी करणाऱ्या समितीचा अहवाल नव्हे, आणि खोलीभाड्याच्या पावत्यांनी दुःख मोजता येत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु पावत्या, मनीऑर्डरी, कर्ज आणि तूट यांना ‘कोसला’त स्थान देणारा स्वतः नेमाडेच आहेत. समीक्षेने ते तपशील खरवडून काढून त्याखालचे ‘वैश्विक’ दुःख तेवढे उचलायचे ठरवले, तर ती कादंबरीपेक्षा गरीब होते. पुढे ‘बिढार’पासून (१९७५) सुरू झालेल्या मालिकेत नेमाडे यांनी महाविद्यालय पलीकडच्या बाजूने, चांगदेव पाटील या प्राध्यापकाच्या नजरेने दाखवले. तेथेही खोली मिळणे, भाडे, संस्थाचालकांची मर्जी यांना केवळ पार्श्वभूमीचे स्थान नाही. लेखकाची ही सलग आस्था आहे.

पांडुरंग ज्या पदांवर होता त्यांचे स्वरूप नंतर बदलत गेले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर निवडणुकीऐवजी गुणवत्तेच्या आधारे नामनिर्देशनाची पद्धत आणली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली आणि ‘विद्यार्थी कल्याण’ या जुन्या नावाच्या जागी ‘विद्यार्थी विकास’ हे नाव आणले. कित्येक ठिकाणी मेस कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटदाराच्या मेसमध्ये विद्यार्थी फक्त जेवतो, त्यामुळे कोणी पांडुरंग तेथे बुडत नाही. वही कशी लिहितात हेही तो तेथे शिकत नाही.

कादंबरीच्या शेवटच्या भागात परीक्षेत अपयश घेऊन पांडुरंग सांगवीला परततो. गावात त्याच्यासारखीच शिकून रिकामी बसलेली मुले आहेत. ती जमतात, बोलतात, वेळ काढतात. पुण्याच्या वसतिगृहात जे घडवण्यासाठी मंडळ, घटना, पदाधिकारी आणि वर्गणी लागली, ते एकत्र जमणे येथे कशाहीशिवाय घडते. येथे कोणी सेक्रेटरी नाही, अहवाल लिहायचा नाही. वडिलांनी पुण्याला पाठवलेल्या पैशाचा विषय मात्र घरात अजून मिटलेला नाही.